चावणारं पाणी

मुलुंड (पूर्व),
एप्रिल १९८६

प्रिय अनंता,

तुझा पंप सुरू झाला. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण तुला तेवढंच हवं असणार. कारंजं उडतंय, हिरवं पाणी निळं झालंय, फ्यूज जात नाही, स्टार्टर पडत नाही. इथेच पत्र मिटून खिशात घालायचं असेल तर खुशाल घाल. पण पाकीट हाताला जाड लागलं असेल, आत काहीतरी कडक टोचलं असेल. ते काय आहे हे शेवटपर्यंत वाचलंस तरच कळेल. आणि वाचच. नाहीतर मे महिन्यात तू उतरलास की विमानतळाच्या दारात उभा राहून मी ते मोठ्याने वाचून दाखवीन. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

रत्नप्रभावहिनींचा फोन कारखान्यात आला तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. स्टार्टर पडून पंप सारखा बंद पडतोय, मुलांच्या परीक्षा संपल्यात, आणि 'हे म्हणाले, बाहेरचा माणूस नको, विद्याधरभावजींनाच बोलव.' मस्कतला एवढी वर्षं काढून, सात बंगल्याच्या भागात बंगला बांधून, अंगणात पोहायचा तलाव खणून झाल्यावरही अडीअडचणीला अनंताला आपलंच नाव आठवतं म्हणून मी दिवसभर शीळ घालत होतो. बायकोने विचारलंसुद्धा, पगार वाढला का म्हणून. रविवारी टेस्टर, पक्कड आणि कारखान्यातून मागून आणलेला मेगर पिशवीत घालून निघालो. मेगर विसरला नसशील ना? मोटारीतून करंट कुठे गळतोय ते तो दाखवतो, आणि त्याला मालकाची भीड नसते.

तुझा बंगला वास्तुशांतीनंतर मी पहिल्यांदाच पाहत होतो. पितळी पाटी, हॉलमध्ये मस्कतच्या सुरया, जमिनीला असा चकचकाट की पाय कुठे ठेवावा कळेना. आणि मागे गेलो तर तो तलाव. शी! अरे, आपल्या वाडीत गुरांना पाजायच्या डोणीतसुद्धा असलं पाणी राहू दिलं नसतं कुणी. वर साय धरावी तसा हिरवा थर, कडेला बुळबुळीत शेवाळ, आणि त्याच्या मधोमध ते तुझं सिमेंटचं कमळ, त्यातून कारंज्याची पिचकारी थुंकल्यासारखी उडतेय. पंपाच्या खड्ड्यावरची लादी सरकवली आणि जो भपकारा आला तो अजून नाकातून जात नाही. घोटाभर पाणी, त्यात फुगलेला उंदीर, झुरळांचा संसार. पंपाचं सील गळतंय आणि थेंब थेंब थेट मोटारीच्या अंगावर. फ्यूजची ग्रिप ओढून पाहिली तर आत फ्यूज वायरच्या जागी चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवलेली, म्हणजे बंगला जळाला तरी फ्यूज उडायचा नाही. मोटारीला टेस्टर लावला, दिवा लागला. म्हटलं, ओल आहे, लागणारच. मग तलावात उतरायच्या त्या स्टीलच्या शिडीला लावला. अनंता, तिथेही लागला. लख्ख.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. वरच्या गच्चीतून वहिनींचा आवाज आला, बंद नका करू हो भावजी, पाणी अजून हिरवं होतं, मग हे रागावतात. मी खालून ओरडून सांगितलं की मोटार काढून न्यायची सोय करून पुढच्या रविवारी येतो, तोपर्यंत या स्विचला कुणी हात लावायचा नाही. त्या बरं म्हणाल्या. बर्फ घातलेलं सरबत पाठवलं. त्या खड्ड्याचा वास नाकात असताना ते मला काही प्यायवलं नाही.

जाताना आपल्या वाडीतला खंडूदादा भेटला. त्याला तू माळी म्हणून ठेवलं आहेस हे मला ऐकून ठाऊक होतं. संपात गिरणी गेली, गावी शेत नाही, तेव्हा तू त्याला आणलंस, आणि मी चारचौघांत तुझी वाहवा केली होती. हातात रबरी पाइप घेऊन क्रोटनना पाणी घालत होता. केवढा वाळलाय रे! मला बघून म्हणाला, 'इलंस? बरो आसंस मा?' आणि डावा हात पाठीमागे घेतला. त्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. मी विचारलं तर म्हणे वय झालं. वय त्याचं किती, आपल्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा तो.

घरी येताना मला बसमध्ये वाडीतली बाव आठवली, ती पायऱ्यांची विहीर, सगळी. आपल्याला पोहायला कुणी शिकवलं, अनंता? आपल्या बापांनी नव्हे, ते दोघेही इथे गिरणीत. पाठीला रिकामा डबा बांधून आपल्याला बावीच्या पायरीवर उभं करायचा तो खंडूदादा. आणि एक दिवस असा गेला नाही की आपण त्याच्याआधी पाण्यात उतरलो. 'थांबा रे, आधी मी बगतंय.' बांबूने पाणी झोडपायचा, मग बुडी मारून कपारीत हात घालून दिवड साप आहे का बघायचा, आणि वर येऊन नाक शिंकरून म्हणायचा, 'या रे आता.' एकदा दिवडीने त्याच्या अंगठ्याला कडकडून धरलं होतं. तेव्हा तू सगळ्यात मोठ्याने रडला होतास. रडून रडून तुला उचकी लागली होती आणि तोच तुझी पाठ चोळत बसला होता, रक्ताळल्या हाताने. तुझ्या सदऱ्यावर डाग पडले म्हणून तुझ्या आईने दोघांना बदडलं.

पुढच्या रविवारी मी हातगाडीवाला ठरवून सकाळी लवकरच आलो. फाटकातूनच मोटारीची घरघर ऐकू आली. म्हणजे मी सांगितलेलं वाऱ्यावर गेलं होतं. मागे गेलो आणि जे पाहिलं ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण तू लांब बसून बहुतेक डोळ्यांसमोर आणत नसशील. तुझी दोन्ही मुलं टॉवेल खांद्यावर टाकून काठावर उभी. वहिनी वेताच्या खुर्चीत, चहाचा कप हातात. आणि खंडूदादा बनियन काढून, चड्डीवर, त्या हिरव्या घाणीत कमरेपर्यंत उभा. तो मधे कारंज्यापर्यंत चालत गेला, परत आला, आणि मग शिडीचा दांडा त्याने डाव्या हाताने धरला. धरताना त्याचा जबडा आवळलेला मला इकडून दिसला. तुझा धाकटा नाचत विचारत होता, 'खंडू, आज चावतं का? चावतं का आज?' खंडूदादाने हात झटकला आणि हसून म्हणाला, 'होय रे बाबा, आज पाणी चावता.' मग कुणाला काही नाही. थोरला 'शिट्' म्हणाला, वहिनींनी मुलांना आंघोळीला पिटाळलं, आणि खंडूदादा शेवाळ पुसत वर आला. शिडीला न धरता, काठावर पोट घासत.

हा तुमच्या घरचा रिवाज. रोज सकाळी, देवपूजेसारखा. मला सांग, कुत्र्याला तरी कुणी असं करतं का रे? मला ओकारी आली. तुझ्या क्रोटनच्या वाफ्यात ओकलो. वहिनींना वाटलं माझं पित्त. मी त्यांना विचारलं, पंप बंद ठेवून का पोहत नाहीत पोरं? तर म्हणाल्या, पंप बंद केला की कारंजं बंद होतं, आणि कारंज्याशिवाय मुलांना मजा येत नाही. मग म्हणाल्या, आणि हे म्हणालेत की एवढ्याशा करंटने काही होत नाही, नुसत्या मुंग्या येतात. मी म्हटलं, काही होत नाही तर पोरांनाच का उतरवत नाही आधी? त्यांनी कप खाली ठेवला. मग 'पोहे करू का?' म्हणाल्या. त्यांना मी फार दोष देत नाही. त्यांना वीज कळत नाही. त्यांच्या लेखी नवरा इलेक्ट्रिकमधला, तो म्हणतो ते बरोबर.

तोपर्यंत, देवाशपथ, मी तुझीच बाजू घेत होतो. मनात म्हणत होतो, अनंता तिकडे, त्याला धड कुणी सांगितलं नसेल, कुणा गल्लीतल्या वायरमनने घाण करून ठेवली असेल. त्या वायरमनला शिव्या देत मी खड्ड्यात उतरलो. उंदीर तसाच होता. मोटार गळते हे मेगरने दाखवलंच, पण मला पडलेलं कोडं वेगळं होतं. मोटारीला अर्थिंग असेल तर गळलेला करंट जमिनीत जायला हवा, पाण्यात कसा येतो? चाचपडत मागे हात घातला. अर्थची वायर भिंतीतून मोटारीपर्यंत आली होती. आणि मोटारीपाशी ती कापलेली होती. उंदराने कुरतडलेली नाही, पकडीने, सरळ कापलेली. टोकाला टेप.

आता तो टेप. आयटीआयमध्ये आपले काशीराम मास्तर आठवतात? सगळ्या वर्गाला टेप गुंडाळायला शिकवायचे, पण टोक दुमडून, उलटा वेढा घेऊन, शेवटची घडी आतल्या वेढ्याखाली दडवायची ती पद्धत फक्त तुला जमली. मास्तर तुझा जोड वर्गात फिरवायचे. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात आपण एका पाळीत होतो तेव्हा मी लांबून सांगायचो, हा जोड अनंताचा. मी दहा वर्षं प्रयत्न केला, माझी घडी अजून सुटते. त्या खड्ड्यात, टॉर्चच्या उजेडात, ती घडी मी पाहिली. व्यवस्थित. सुंदर. ती पाहिल्यावर मला त्या मेलेल्या उंदराची किळस वाटेनाशी झाली.

काय झालं ते तू मला सांगायला नकोस, मीच तुला सांगतो. दिवाळीला तू आला होतास. मोटार गळायला लागली होती, त्यामुळे दर वेळी करंट अर्थमधून जाऊन फ्यूज उडत होता. मोटार उघडायची तर कारंजं बंद, दिवाळीचे पाहुणे यायचे होते. मग तू फ्यूजमध्ये तांबं पिळलंस, अर्थ कापलीस, आणि पंप धावायला लागला. कापताना तुला ठाऊक होतं की आता तो करंट पाण्यात जाणार. वहिनींना ठाऊक नव्हतं, मुलांना नव्हतं, पण तुला होतं. मग तुझ्या हुशार डोक्याने त्यावर उपाय काढला. कुणी सांगितलं रे तुला आधी उतरायला, असं मी खंडूदादाला विचारलं. त्याला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. म्हणाला, 'अनंतान सांगल्यान. माका म्हणालो, खंडूदादा, बावीत बगीस तसा आधी तू बग.' आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर कौतुक होतं, अनंता! तुला बाव आठवते याचं कौतुक.

त्याची आठवण तुझ्या कामाला आली. अख्ख्या मुंबईत असला माणूस तुला दुसरा मिळाला नसता.

बरं, दुरुस्तीचं सांगतो. मोटार घाटकोपरला नेऊन नवं वाइंडिंग भरून घेतलं. जळक्या वार्निशची एवढी घाण सुटली की दुकानदारसुद्धा नाकाला रुमाल लावून बसला. सील बदललं. खड्डा उपसून धुऊन काढला, उंदराला मीच बाहेर काढलं. अर्थिंगचा जुना खड्डा कोरडा ठणठणीत होता, म्हणून नवा खणला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळं पुस्तकात आहे तसं. खणायला खंडूदादा होता, उजव्या हाताने पहार मारत. तांब्याची तार काढून फ्यूजला साधी तार घातली. शिडीलाही वेगळी अर्थ दिली. मेगर लावला, टेस्टर लावला, टेस्ट लॅम्प लावला. कुठे टिपूस करंट नाही.

मग पंप सुरू केला, कारंजं उडालं, मुलं धावत आली. आणि खंडूदादा बनियन काढायला लागला. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, 'थांबू कशाक? आधी मी बगतंय ना.' मी त्याला खांद्याला धरून वहिनींच्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि विजार-सदऱ्यासकट पाण्यात उतरलो. शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. माझ्या कामावर माझा विश्वास होता, तरी सांगतो, दांडा धरायच्या आधी पुढे केलेला हात मी मागे घेतला. एकदाच. त्यालाही तो रोज मागे घ्यावासा वाटत असणार, आणि तरी तो लावत होता. मी पाण्यातूनच 'या रे' म्हणालो तर मुलं हसायला लागली, पण खंडूदादा चिडला. खरंच चिडला माझ्यावर. 'तू कित्याक उतारलंस? ता माझा काम.' आणि मग खालच्या आवाजात, 'आता माका हय कोन ठेवतलो?' त्याला वाटतं त्याची नोकरी झाडांची नाहीच, ती शिडी धरायची. मी त्याला म्हटलं, चल मुलुंडला माझ्याकडे, आधी त्या हाताला डॉक्टर दाखवू. नाही म्हणाला. अनंताने ठेवलंय, अनंताच्या घरातून असं कसं जाऊ. त्याला डॉक्टरकडे मी ओढून नेणारच आहे, तो भाग वेगळा.

तेवढ्यात तुझा फोन आला. वहिनींनी रिसीव्हर माझ्या ओल्या हातात दिला. तुझा आवाज ऐकून मला वाटलं, आत्ता तुझ्या तोंडून खरं सुटेल, म्हणजे तू म्हणशील की विद्या, एक मूर्खपणा झाला माझ्या हातून. तू म्हणालास, 'झकास, यार! तुझ्याशिवाय कोण करणार होतं?' आणि मग म्हणालास, 'तरी थोडे दिवस खंडूला आधी उतरव हं. त्याला सवय आहे.' आणि हसलास. मग लाइन खरखरायला लागली आणि कट झाली. बरं झालं. वहिनी आणि मुलं समोर उभी होती, आणि माझ्या तोंडात जे आलं होतं ते त्यांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

म्हणून हे पत्र. टोचतंय ते पाकिटातून काढ. तुझ्याच वायरचा वीतभर तुकडा आहे, टेपसकट. घडी उलगडू नकोस, बघ फक्त. मास्तरांनी अजूनही वर्गात फिरवली असती अशी आहे. वहिनींना मी एवढंच सांगितलंय की अर्थ तुटली होती. कुणी कापली ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, मुलांच्या समोर, कारण धाकटा 'चावतं का' विचारताना नाचतो आणि त्याला हे कुणीतरी सांगायला हवं. मे महिन्यात आलास की पहिल्या सकाळी खंडूदादाला त्या वेताच्या खुर्चीत बसव, त्याच्या हातात चहाचा कप दे, पंप सुरू कर, आणि सगळ्यांच्या आधी तू पाण्यात उतर. शिडी डाव्या हाताने धर. पाण्यात करंट नाही, असं मी तुला लिहून देतोय. पण तू तिथे असशील तेव्हा मेगर कारखान्यात असेल आणि मी मुलुंडला. तुला माझ्या शब्दावरच हात लावावा लागेल. खंडूदादा दिवाळीपासून तुझ्या शब्दावर लावत होता.

खंडूदादाचा, आणि आज नाइलाजाने तुझाही,
विद्याधर